बीळ बुजवण्याबाबत

१२ जून

प्रिय खारू,

हे पत्र नगरपालिकेबद्दल आहे, आईबद्दल नाही. तेव्हा निदान पहिलं पान तरी वाच.

आपल्या नाट्यमंडळाला अनुदान मंजूर झालंय. दरवर्षी पडद्याच्या धुलाईपुरतं मिळायचं तसलं नव्हे, चांगलं भरघोस. नगरपालिकेने प्रादेशिक कला आणि संस्कृतीसाठी नवं खातं उघडलंय आणि त्यांच्या पहिल्याच यादीत आपण आहोत. रंगमंचाच्या फळ्या बदलणार, विजेच्या तारा बदलणार, आणि बायकांच्या खोलीला आतून कडी बसणार. आपण दाराला खुर्ची टेकवून कपडे बदलायचो आणि तू पहारेकरी म्हणून त्या खुर्चीवर बसून सगळ्यांच्या वेण्यांना नावं ठेवायचीस, ते दिवस संपले म्हणायचे.

पाहणीला दोघं आले होते. सांस्कृतिक अधिकारी म्हणून जी मुलगी आली ती इतकी लहान दिसते की कुणाची तरी नात समजून मी तिच्या हातावर बिस्किट ठेवलं. तिने ते खाल्लं आणि मग ओळखपत्र दाखवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती गोड हसली. दुसरे अग्निशमन खात्याचे निरीक्षक. जाडजूड मिशा, हातात टॉर्च, आणि आपल्या सभागृहाकडे बघण्याची पद्धत अशी की जणू ते आत्ताच पेटलंय.

ते फळ्या ठोकत ठोकत पुढच्या कडेपर्यंत आले आणि थबकले.

"हे काय?"

"बीळ," आपले दातांचे डॉक्टर म्हणाले. (तेच अजून वडिलांची भूमिका करतात. आता केस काळे करायला नकोत, केसच नाहीत.)

"उंदरांचं?"

"प्रॉम्प्टरचं. मागच्या दाराशी रंगमंचाखाली शिरायचं, वाकत वाकत इथपर्यंत यायचं आणि या लाकडी टोपीखाली डोकं काढून बसायचं. नट अडखळला की हळूच वाक्य द्यायचं."

"हल्ली कोण बसतं?"

कुणीच बसत नाही. आई गेल्यापासून तिथे कुणीही बसलेलं नाही, हे तुला सांगायला नको. पण निरीक्षक पुढे म्हणाले, "वापरात नसलेली पोकळी रंगमंचात ठेवता येत नाही. बुजवावी लागेल, नाहीतर मी सही करणार नाही." सही नाही तर अनुदान नाही. अनुदान नाही तर सभागृह धोकादायक ठरणार, आणि नगरपालिकेला कधीपासून तिथे गाड्या उभ्या करायला जागा हवीच आहे.

"मी बसते," मी म्हटलं.

मंडळातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. डॉक्टर म्हणाले, "ताई, आत जाल हो. बाहेर काढायला क्रेन कुठून आणू?"

निरीक्षकांनी सरळ सांगितलं, "जुलैअखेर तुमचा प्रयोग आहे ना, त्याला मी येतो. वापरात दिसलं तर राहू दे. नाही दिसलं तर भरून टाका."

तू विचारशील, एका भोकासाठी एवढा आटापिटा कशाला. आई तिथे आहे म्हणून. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. तुला सांगते, कारण तू उत्तर देत नाहीस.

तुझी,
ताई


२९ जून

प्रिय खारू,

बसून बघितलं. क्रेन लागली नाही, पण दोघांनी हात धरून ओढलं, आणि त्यातल्या एकाने "हुश्श" म्हटलं ते मी ऐकलं.

आत आईचं बसकं स्टूल तसंच आहे. त्यावरची उशी जुन्या निळ्या पडद्याची, आपण दोघींनी शिवलेली. एका बाजूचे टाके कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिकवले तसे सरळ आहेत आणि दुसऱ्या बाजूचे तुझे आहेत. गुडघे वर घेऊनच बसावं लागतं. धूळ, रोगण आणि जुन्या लाकडाचा वास येतो. आणि समोर काय दिसतं, माहीत आहे? पाय. रंगमंच डोळ्यांच्या पातळीला येतो, त्यामुळे आधी पाय दिसतात आणि मान वर केली तरच माणसं. आईने आपल्याला इतकी वर्षं पायांवरून ओळखलं असणार. कोण घाबरलंय, कोण आता अडखळणार, तिला पावलांवरून कळत असणार. तू बोलायच्या आधी उजवी टाच उचलायचीस. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण तिथे बसल्यावर आठवलं.

आज त्या संध्याकाळचं लिहिते. तुला पाठ आहे, पण मी ते कधी कागदावर नीट उतरवलेलं नाही. तेव्हा जे झालं ते ओरडून झालं, आणि आपल्या घरात ओरडून सांगितलेलं कुणी ऐकलंय?

आईचंच नाटक. घर कायमचं सोडून चाललेले वडील आणि दोन मुली. तिसऱ्या अंकाच्या शेवटी डॉक्टर आणि मी सामान उचलून पुढे येतो, प्रेक्षकांकडे तोंड, तुझ्याकडे पाठ. मागे, नेपथ्यातल्या दाराशी, तू एकटी. तू म्हणायचं असतं, "तुम्ही व्हा पुढे, मी दार लावून येते."

तू म्हटलं नाहीस.

ट्रंकेची कडी माझ्या बोटांत रुतत होती. मागे वळता येत नव्हतं. मी मनातल्या मनात बिळाकडे बघून म्हणत होते, आई, दे ना गं तिला, दे ना. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि मग तू ते वाक्य म्हणालीस, अशा आवाजात की मला वाटलं हे घर खरंच आपलं होतं आणि खरंच सुटलं.

टाळ्या पडल्या. पडदा पडला. मी आईसाठी चहा घेऊन खाली शिरले. ती टोपीच्या लाकडाला गाल टेकून बसली होती. मांडीवर पुस्तक उघडं होतं, दुसऱ्या अंकाच्या पानावर.

प्रेक्षकांत आपले घरचे डॉक्टर होते. त्यांनी हात धरून बघितला, मान हलवली आणि म्हणाले, "बराच वेळ झालाय. दुसऱ्या अंकातच गेल्या असणार. झोपेत जावं तसं."

तेव्हा तू म्हणालीस, "मग मला वाक्य कुणी दिलं?"

मी तुला जवळ घेतलं आणि म्हटलं, "तुला आपोआप आठवलं गं."

"नाही. तिने दिलं. मी विसरले, तिला जोर लावावा लागला, आणि त्यात ती गेली."

"अगं, डॉक्टर सांगतायत ना, ती आधीच..."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"म्हणजे तू काहीही केलेलं नाहीस!"

आपण दोघी तिथेच अडकलो, खारू. तिने वाक्य दिलं असेल तर ती तेव्हा जिवंत होती, आणि तू म्हणतेस तसं तुझ्या विसरण्याने गेली. ती आधी गेली असेल तर तुझ्यावर काही येत नाही, पण मग तुला भास झाला. तुला दोष नको म्हणून मी तुला भास देत होते, आणि तू दोष सोडायला तयार नव्हतीस. तेरावं झाल्यावर तू बॅग भरलीस. मी बसथांब्यापर्यंत मागे आले. तू खिडकीची काच वर करून बंद केलीस.

एक गोष्ट तुला माहीत नाही. पुढच्या वर्षी तुझी भूमिका दुसऱ्या मुलीने केली, आणि ती त्या जागी थांबली. मला वाटलं, आईच्या आठवणीसाठी थांबली असेल. तिच्यानंतरची थांबली. तिच्याही नंतरची. आता गावातले लोक त्या जागेची वाट बघतात, श्वास धरून बसतात. दुसरीकडे मुलींना वाक्यं शिकवतात. आपल्याकडे एका मुलीकडून पुढच्या मुलीकडे तुझं विसरणं चालत आलंय.

ताई


१५ जुलै

प्रिय खारू,

तुझी भूमिका सध्या औषधवाल्याची मुलगी करते. चुणचुणीत आहे. तालमीत मधेच शिंकते आणि स्वतःलाच "सॉरी" म्हणते. काल तालीम संपल्यावर आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो होतो. मी सहज म्हटलं, "तिसऱ्या अंकात थांबतेस ते छान थांबतेस हं. कुणी सांगितलं थांबायला?"

"माझ्या आधीच्या ताईने."

"काय सांगितलं?"

"की तिथे थांबायचं. घाई करायची नाही. मिळालं की बोलायचं."

"काय मिळालं की?"

"वाक्य."

"अगं, ते तर तुला पाठ आहे."

"आहे की. तरी थांबायचं." मग जरा विचार करून म्हणाली, "तालमीत नाही मिळत, म्हणून मी मनात दहा मोजते आणि बोलते. पण प्रयोगात मिळतं. गेल्या वर्षी मिळालं होतं."

"कुणी दिलं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिची थट्टा करतेय. "तुमच्यातल्याच कुणीतरी, मावशी! मला काय माहीत? इकडेतिकडे बघायचं नाही असंच सांगितलंय मला."

तिचे वडील घ्यायला आले म्हणून ती उठली. मी तिथेच बसून राहिले. गेल्या वर्षी मी रंगमंचावर ट्रंक धरून उभी होते. वाक्य देणारं कुणीही नव्हतं. मंडळात मिळून माणसं किती, त्यातली अर्धी रंगमंचावर आणि उरलेली पडद्याच्या दोरीला.

मुलींना काय, काहीही वाटतं. वयच तसं असतं.

इथे उकाडा फार आहे. तुझ्याकडे कसं आहे? हा प्रश्न मी दर पत्रात विचारते आणि दर पत्रात मला तो बिनडोक वाटतो.

ताई


२९ जुलै

प्रिय खारू,

काल प्रयोग झाला. काहीही झालं नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझी मोठ्या बहिणीची भूमिका ग्रंथालयातल्या बाईंनी केली. मला वाटलं होतं हेवा वाटेल, पण पाय दुखायचे थांबले याचाच आनंद जास्त. मी आईची उशी झटकली, पुस्तक मांडीवर घेतलं आणि टोपीखाली डोकं काढलं. अधिकारी मुलगी पहिल्या रांगेत होती. निरीक्षक प्रेक्षकांत बसलेच नाहीत. "मला मागचं दार बघायचंय, ती आपत्कालीन वाट आहे," म्हणून ते रंगमंचाच्या मागे निघून गेले.

दोन अंक सुरळीत गेले. डॉक्टर एकदा अडखळले, मी पुस्तकात जागा शोधेपर्यंत त्यांनी स्वतःच काहीतरी बनवून सांगितलं आणि वर माझ्याकडे बघून डोळा मारला. या वयात!

मग तिसरा अंक. सामान उचलून दोघं पुढे आली. त्यांच्या पायांमधून मला मागे ती मुलगी दिसत होती, एकटी, दाराशी. तिची उजवी टाच उचललेली होती. ही लकब मी तिला शिकवलेली नाही.

ती थांबली.

मी ओठ घट्ट मिटून घेतले. वाक्य माझ्या समोर पानावर होतं, बोट त्याच्याखाली होतं. देऊ शकले असते. दिलं नाही. मी ऐकत होते, खारू. कानांनीच नव्हे, पाठीने, गुडघ्यांनी, त्या निळ्या उशीने ऐकत होते. छताचा पंखा कुरकुरत होता. पहिल्या रांगेत कुणाच्या तरी बांगड्या किणकिणल्या. बाकी काही नाही. आणि मग ती मुलगी म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी दार लावून येते," आणि सगळं सभागृह एकदम श्वास घेतं तसं झालं.

मला काहीही ऐकू आलं नाही.

मी ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत बसले होते. इतक्या जवळ बसून, तिच्याच उशीवर बसून. लोकांनी बाहेर ओढलं तेव्हा माझे गाल ओले होते. डॉक्टर म्हणाले, "धूळ फार आहे हो आत."

निघताना औषधवाल्याची मुलगी धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. "थँक्यू मावशी! आज किती स्पष्ट मिळालं!"

मी म्हटलं, "छान झालं."

दुसरं काय म्हणणार होते?

ताई


१९ ऑगस्ट

प्रिय खारू,

हे पत्र बसून वाच.

नगरपालिकेतून बोलावणं आलं. तिसरा मजला, लांबलचक खोली, प्रत्येक टेबलावर काचेखाली कुणाकुणाच्या बाळांचे फोटो. अधिकारी मुलीच्या खिडकीत रंगाच्या रिकाम्या डब्यात एक रोपटं आहे, आणि ते जगावं म्हणून ती त्याला स्वतःच्या बाटलीतलं पाणी घालते. या वेळी तिने मला बिस्किट दिलं. निरीक्षक आधीच येऊन बसले होते.

"अभिनंदन," ती म्हणाली. "समितीला प्रयोग फार आवडला. अनुदान पक्कं. फक्त दोन गोष्टी आहेत."

"पहिली," निरीक्षक म्हणाले, "ते बीळ बुजवायचं. वापरात नाही."

"वापरात कसं नाही? मी पूर्ण वेळ आत बसले होते."

"बसला होतात. मी कुठे नाही म्हणतो? पण बाई, मी मागच्या दाराशी उभा होतो, नेपथ्यातल्या उघड्या दारातून तुमच्या अगदी समोर. दिव्यांचा सगळा उजेड तुमच्या तोंडावर. ती पोरगी अडली तेव्हा तुमचे ओठ हलले नाहीत. बसणं म्हणजे वापर नव्हे. वाक्य दिलं ते तुमच्या दुसऱ्या प्रॉम्प्टरने."

"दुसरी प्रॉम्प्टर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"तीच तर दुसरी गोष्ट. त्या बाई ऐन दारात उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, बाजूला व्हा, ही आपत्कालीन वाट आहे, प्रयोग चालू असताना इथे कुणी थांबायचं नाही. तर त्यांनी काय करावं? माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं! मला! आख्खी नोकरी झाली, मला कुणी असं गप्प केलेलं नाही."

अधिकारी मुलीने हसू आवरलं. "आणि तुम्ही गप्प बसलात?"

"बसलो ना. काय करता? शाळेतल्या बाईंसमोर बसावं तसा बसलो."

मी विचारलं, "दिसायला कशा होत्या?"

"वयस्कर. बारीक. पुस्तकबिस्तक काही नव्हतं, तोंडपाठ असणार. हातात चपला धरल्या होत्या. म्हटलं, पायात काही रुतलंय की काय."

खारू, रंगमंचामागे वावरताना पावलं वाजू नयेत म्हणून चपला हातात धरणारं आपल्या मंडळात एकच माणूस होतं. त्यावरून सगळे तिला चिडवायचे आणि ती म्हणायची, तुमच्या टापा ऐकायला लोक तिकीट काढत नाहीत.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय, ती पोरगी अडली तसं यांनी वाक्य दिलं. हळू, पण एकेक शब्द सुटा. मग गेल्या निघून दारातून. जाताना दार मात्र आवाज न करता ओढून घेतलं, तेवढं मान्य करतो."

अधिकारी मुलीने एक कागद माझ्यापुढे सरकवला. "हमीपत्र आहे. यापुढे त्या बाई दारात उभ्या राहणार नाहीत, एवढंच लिहून द्यायचं."

"तशी हमी मला देता येणार नाही."

"का? तुम्ही अध्यक्ष आहात."

"त्या कुणाचं ऐकत नाहीत."

"सभासद आहेत ना मंडळाच्या?"

"संस्थापक आहेत."

"अरे बापरे," ती म्हणाली, आणि इतक्या समजूतदारपणे मान हलवली की मला तिला पुन्हा बिस्किट द्यावंसं वाटलं. "प्रत्येक मंडळात असं कुणीतरी असतंच हो. मी शेरा लिहिते, की समजावण्याचा प्रयत्न चालू आहे."

मी जिने कशी उतरले मला माहीत नाही. बाहेर ऊन होतं, माणसं फळं विकत घेत होती, एक बाई मुलाच्या नाकाला रुमाल लावत होती. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले.

तुला आवाज कुठून आला ते तू कधी सांगितलं नाहीस. आम्ही सगळे धरून चाललो की बिळातून. मी तुला कधी विचारलंही नाही. आता विचारते. एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

ताई


५ सप्टेंबर

माझी खारू,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने उलटंपालटं करून बघितलं होतं, त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. बघू दे.

अक्षर बदललंय तुझं. आईसारखं झालंय, शेवटचा काना लांब ओढतेस. मी ते बराच वेळ नुसतं बघत बसले, मग वाचलं.

"दाराकडून. कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, बिळातून आवाज माझ्यापर्यंत पोचेना म्हणून ती खालून वाकत वाकत मागच्या दारापर्यंत आली, वाक्य दिलं आणि परत जागेवर जाऊन बसली. तेवढ्या धावपळीने गेली. माझ्यासाठी."

हे घेऊन तू इतकी वर्षं एकटी राहिलीस? आणि मी दर पत्रात तुला हवापाणी विचारत होते.

आता मी सांगते ते ऐक. ज्या बाईंनी परवा निरीक्षकांना गप्प केलं त्या बिळातून आल्या नव्हत्या. बिळात मी बसले होते, खारू. तिथे माझे गुडघे होते, दुसऱ्या कुणाला जागाच नव्हती. म्हणजे घरच्या डॉक्टरांचं बरोबर होतं, आणि तुझंही. ती दुसऱ्या अंकातच गेली. पुस्तक तिथे ठेवलं, स्टुलावर अंग ठेवलं, आणि चपला हातात घेऊन मागच्या दाराने निघाली. दारापर्यंत पोचली असेल तेवढ्यात तू अडलीस. आणि तिच्यातली प्रॉम्प्टर काही मेली नव्हती. ती थांबली, तुला वाक्य दिलं आणि मग गेली.

तुझ्यामुळे ती गेली नाही. तुझ्यामुळे थोडी थांबली.

हे मी आता तुला समजावण्यासाठी म्हणत नाही. समजावण्यासाठी म्हणत होते तेव्हा तू काच वर केलीस, आणि बरं केलंस. आता मला तेच खरं वाटतं म्हणून लिहिते.

पण मग दुसरं एक मनात आलं. आपण त्या मुलींना थांबायला शिकवलं. दर वर्षी एक मुलगी त्या जागी थांबते, मिळाल्याशिवाय बोलत नाही. आणि दर वर्षी आई दाराशी, चपला हातात, एक पाय बाहेर. आपली मुलगी अडलीय म्हटल्यावर ती कशी जाईल? गावाला वाटतं, ती जागा म्हणजे तिची आठवण. अगं, आपण तिला अडवून ठेवलंय.

बीळ बुजवायला आमची हरकत नाही, असं मी नगरपालिकेला कळवलंय. निरीक्षक खुश झाले. मंडळातल्यांना धक्का बसला, डॉक्टर म्हणाले, "मग एवढी कसरत कशाला करायला लावलीत?" मी म्हटलं, आत कुणी नाही हे बघायला आत जावं लागलं. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सुतार पुढच्या महिन्यात येणार. आधी जुन्या फळ्या निघतील, मग ते मागचं दार जाईल. त्याच्या जागी लोखंडी बसणार आहे, ढकललं की उघडणारं.

त्याआधी ये.

मोठा प्रयोग नको, लोक नकोत. दुपारच्या वेळी, रिकाम्या सभागृहात, फक्त तिसऱ्या अंकाचा शेवट. डॉक्टरांना मी तयार केलंय, ते म्हणतात तीन दात काढायचे होते ते पुढे ढकलतो. मी माझी ट्रंक घेऊन पुढे उभी राहीन. तू आपली दाराशी उभी राहा, आणि या खेपेला न थांबता म्हण. वाट बघू नकोस, मिळेपर्यंत नको. तुझं तूच म्हण, म्हणजे तिला ऐकू जाईल की तुला येतंय, आणि ती निघेल.

मी हे सगळं मनापासून लिहितेय. तिला जाऊ द्यायला हवं, मला कळतं. तरी खरं तेही सांगते, कारण आता तू उत्तर देतेस.

विसरलीस तरी चालेल. मी पाठ फिरवून उभी असेन, आणि सभागृहात दुसरं कुणी नसेल, पंखाही बंद ठेवू. कदाचित मलाही ऐकू येईल.

तुझी,
ताई